दोन विषाणूंवर एकच सुई



बाळ दीड महिन्याचं झालं की आरोग्य केंद्रात त्याला पेंटा देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाचांवर मिळून एकच टोचणी. मग साठी ओलांडलेल्यांना फ्लू आणि कोविडची एकत्र लस का नाही, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

अडचण फ्लूची आहे. हा विषाणू सतत रूप पालटतो. म्हणून लशीत कोणते वाण घ्यायचे याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते. उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिणेसाठी सप्टेंबरात. कोंबडीच्या अंड्यांत लस वाढवायची तर पुढे जवळपास सहा महिने जातात. एमआरएनए तंत्रात हा वेळ वाचतो आणि त्याच कुपीत कोविडचा घटकही घालता येतो.

पण घातला म्हणजे जमलं असं नाही. फायझर आणि बायोएनटेक यांच्या जोडलशीचे निष्कर्ष ऑगस्ट 2024 मध्ये आले. फ्लूच्या ए प्रकाराला प्रतिसाद उत्तम होता, बी प्रकाराला मात्र कमी पडला. हे कळतं कसं? लस घेतलेल्याचा रक्तद्रव थोडाथोडा पातळ करत प्लेटच्या खळग्यांत भरतात, त्यात विषाणू आणि तांबड्या पेशी सोडतात. प्रतिपिंडं पुरेशी असली, तर पेशी तळाशी बसून लाल ठिपका दिसतो. कमी पडली, तर विषाणू पेशींना जखडतो आणि खळग्यात नुसता पातळ पडदा पसरतो. बरं, बीचा घटक वाढवावा, तर एकूण मात्रा वाढते. दंड दुखतो, ताप येतो आणि पुढच्या वर्षी माणूस लशीकडे फिरकत नाही.

मॉडर्नाच्या जोडलशीने जून 2024 मध्ये पन्नाशीपुढच्या सुमारे 8,000 जणांत चांगला प्रतिसाद दाखवला. तरी मे 2025 मध्ये कंपनीने अमेरिकेतला मंजुरीचा अर्ज मागे घेतला. प्रतिपिंडं वाढली म्हणजे आजार टळलाच असं नव्हे. फ्लूच्या घटकाने आजार खरोखर किती टळतो, याची आकडेवारी आधी हवी होती. हा थांबा मला योग्यच वाटतो. ही आकडेवारी देणारी चाचणी 40,000 हून अधिक लोकांवर झाली. नेहमीच्या लशीपेक्षा या घटकाची परिणामकारकता 26.6 टक्क्यांनी सरस ठरली.

आता आपल्याकडचं. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून तिथे लस शरद ऋतूत टोचतात. महाराष्ट्रात त्याची मोठी लाट पावसाळ्यात उसळते. तिथलं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं, तर आपल्या आजी-आजोबांना लस मिळेल ती लाट ओसरल्यावर. जोडलस इथे यायची असेल, तर ती मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी दवाखान्यात पोचली पाहिजे.