यंत्र आणि हात
(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधील करिअरविषयी बोला, असे मला सांगण्यात आले. पगार, बढती, परदेशवारी यांची माहिती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. मी बोलणार आहे ते जबाबदारीविषयी, आणि त्यासाठी मानेसरमधला एक पॉवर प्रेस पुरेसा आहे.

इथल्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या युनिटांत पत्रा कापणारे, वाकवणारे प्रेस दिवसरात्र चालतात. त्यावर काम करणारे बहुतेक कामगार बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले. आपल्यासारखेच घर सोडून पोटासाठी इथे आलेले. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढते. त्यात या पट्ट्यातील कामगारांच्या तुटलेल्या बोटांचा हिशेब आहे, आणि त्यात पॉवर प्रेसचा वाटा मोठा आहे.

अपघात झाला की “कामगाराचे लक्ष नव्हते” असे म्हणून आपण मोकळे होतो. पण आठ-दहा तास एकच हालचाल करणाऱ्या माणसाचे लक्ष कधीतरी ढळणारच. ते गृहीत धरून यंत्र सुरक्षित करणे, हे इंजिनिअरचे काम.

उदाहरण घ्या. जुन्या की-क्लचच्या प्रेसमध्ये एकदा क्लच लागला की रॅम पूर्ण फेरी करूनच थांबतो. अशा प्रेसला लाइट कर्टन लावणे म्हणजे निव्वळ देखावा. हात दिसला तरी रॅम थांबणार नाही. तिथे डायभोवती पक्के गार्डच हवे. हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच-ब्रेक असेल तर रॅम मध्येच थांबतो. तिथेही हिशेब आहे. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरला आणि रॅम थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर कर्टन डायपासून निदान ४०० मिलिमीटर दूर हवा, वर थोडी जादा सोय ठेवून. ब्रेकचे लायनर झिजले की थांबण्याचा वेळ वाढतो आणि कालचे सुरक्षित अंतर आज अपुरे ठरते. म्हणून हा वेळ पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. मेंटेनन्सच्या रजिस्टरवरची सही म्हणजे कुणाच्या तरी बोटांची हमी असते.

मित्रांनो, नोकरीत एक दिवस नक्की येईल. महिनाअखेर असेल, माल अडकलेला असेल आणि कुणीतरी म्हणेल, “आजच्या शिफ्टपुरते गार्ड काढा.” तेव्हा नुसते “नाही” म्हणून भागत नाही. गार्ड न काढता वेग कसा राखायचा, हेही तुम्हालाच सांगावे लागेल. पत्रा घसरत आत जाईल अशी च्यूट, मॅग्नेटचा चिमटा, तयार नग आपोआप बाहेर पडण्याची सोय, असे उपाय शोधले तर हात डायमध्ये घालायची वेळच येत नाही. आपले शिक्षण खरे कामाला येते ते इथे. आणि तरीही कुणी ऐकले नाही, तर आपला नकार लेखी द्या. नोकरी करणाऱ्याला हे सोपे नाही, याची मला जाणीव आहे.

इथे सप्टेंबरमध्ये विश्वकर्मा पूजा होते, आपण खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी फूल वाहताना प्रेसचे गार्ड जागेवर आहे का, तेही पाहा. श्रीगणराया तुम्हाला ती बुद्धी आणि ते धैर्य देवो, ही प्रार्थना.