हनोईतील पहिला पंधरवडा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



या अभ्यासवर्गासाठी मला ‘व्हिएतनामची अर्थव्यवस्था’ हा विषय दिला आहे. आकडे येतीलच. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या हनोईला अर्थशास्त्र शिकावयास गेली आहे, आणि पहिल्या पंधरवड्यात तिने मला जी पत्रे लिहिली (पत्रे म्हणजे आता संगणकावरचीच) ती मला अनेक अहवालांपेक्षा बोलकी वाटली. त्यांच्या आधारेच बोलतो.

तिचे पहिले आश्चर्य पैशाचे. शंभर डॉलर मोडताच हाती पंचवीस लाखांहून अधिक दोंग आले! फुटपाथवरच्या ठेंगण्या स्टुलावर बसून बर्फ घातलेला चहा घ्यावा, तर त्याचीही किंमत हजारांत. तिला गंमत वाटली. अर्थशास्त्राच्या माणसाला मात्र त्या शून्यांमागे इतिहास दिसतो. दीर्घ युद्धाने देश मोडलेला, वर अमेरिकेचा व्यापारी बहिष्कार, आणि त्यात मध्यवर्ती नियोजनाची यंत्रणा अडखळलेली. १९८५ साली चलनबदलाचा प्रयोग फसला आणि १९८६ साली भाववाढ सातशे टक्क्यांच्या वर गेली. त्याच डिसेंबरात पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोइ मोइ’, म्हणजे नूतनीकरण, हे धोरण स्वीकारले. १९८८ साली शेतीचा कारभार कुटुंबांकडे सोपवण्यात आला आणि पुढच्याच वर्षी हा धान्य आयात करणारा देश दहा लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात करू लागला. आपल्याकडील बाजारपेठेचे स्तुतिपाठक ही कथा आवडीने सांगतात. जमिनीची मालकी आजही खाजगी नाही, एवढे मात्र सांगावयाचे विसरतात.

दुसरे आश्चर्य भाषेचे, आणि माझ्या मते खरा विषय हाच आहे. तेथील विद्यापीठात शिकावयाचे तर परदेशी विद्यार्थ्याला बहुधा आधी वर्षभर व्हिएतनामी भाषा शिकावी लागते. तिच्या वर्गात बहुसंख्य मुले लाओसची, काही कंबोडियाची. पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर ‘मा’ हे एकच अक्षर सहा वेळा लिहिले आणि सहा सुरांत म्हणून दाखवले. सुराप्रमाणे त्याचा अर्थ भूत, आई, पण, थडगे, घोडा किंवा भाताचे रोप. लाओसची मुले हसत हसत म्हणू लागली, कारण त्यांची भाषाही सुरांचीच. आपली ही मुलगी मात्र दोन दिवस आईला भूत म्हणत होती.

सर्वनामांपाशी मात्र तिचे मराठीपण उपयोगी पडले. त्या भाषेत सर्वांशी चालेल असा ‘मी’ आणि ‘तू’ व्यवहारात जवळजवळ नाही. समोरचा वयाने किती मोठा हे पाहून त्याला थोरला भाऊ, ताई, काका, आजी म्हणावयाचे आणि स्वतःला धाकटे भावंड किंवा नातवंड. म्हणून भेटताक्षणी लोक वय विचारतात. वर्गातील युरोपियन विद्यार्थ्याला हा आगाऊपणा वाटला; हिला वाटले, आपण एखाद्या गावच्या एस. टी. स्टँडवरच बसलो आहोत. जगभर ‘अंकल हो’ म्हणून जे संबोधन रूढ झाले, त्यातील मूळ शब्द ‘बाक’ म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ, हे तिने मला कळवले. कलकत्त्यात ‘आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम’ ही घोषणा दुमदुमत होती तेव्हा मी शाळकरी होतो. त्या घोषणेतील निष्ठेविषयी मला आदर आहे. पण त्या देशाची भाषा शिकलेला माणूस आपल्या चळवळीत किती ठिकाणी सापडला असता?

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्या पत्रात तिने लिहिले, की वसतिगृहाशेजारची एक शेतकऱ्याची मुलगी वैद्यकीय शाखेत आहे आणि तिचे शरीरशास्त्राचे जाडजूड पुस्तक व्हिएतनामी भाषेत आहे. आपल्या मुलीला ते अजब वाटले. तिला ते अजब वाटावे, हेच मला अस्वस्थ करणारे वाटले.

ही किमया एका दिवसात झाली नाही. लिपी रोमन, ती मिशनऱ्यांनी घडवली. तिचा पहिला मोठा कोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. परक्यांची म्हणून देशभक्तांनी ती टाकली नाही, साक्षरतेचे हत्यार म्हणून उचलली. १९४२ साली, फ्रेंच सत्ता असतानाच, होआंग सुआन हान या गणितज्ञाने वैज्ञानिक संज्ञांचा व्हिएतनामी कोश सिद्ध केला. सप्टेंबर १९४५ मध्ये स्वातंत्र्य घोषित झाल्यावर आठवडाभरात निरक्षरतानिर्मूलनाचा हुकूम निघाला, आणि १५ नोव्हेंबरला हनोईचे विद्यापीठ पुन्हा उघडले. त्याच वर्षी उत्तरेत दुष्काळाने लाखो माणसे मेली होती, हे ध्यानात घ्या. पुढे युद्ध पेटल्यावर हो दाक दी आणि तोन थात तुंग या डॉक्टरांनी तुयेन क्वांगच्या डोंगराळ मुलुखात, चिएम होआ येथे, वैद्यकीय शिक्षण चालू ठेवले. हे तुंग पुढे यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी जगभर ओळखले गेले.

परिभाषा आपल्याकडे नव्हती काय? भाषा संचालनालयाने कोश केले. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने चांगली पाठ्यपुस्तके काढली. ‘मागणीची लवचिकता’ हा शब्द मी आयुष्यभर शिकवला. कांद्याच्या भावाचे उदाहरण घेऊन ती संकल्पना अस्खलित समजावून देणारी खेड्यातील मुले पदव्युत्तर वर्गात इंग्रजी उत्तरपत्रिकेपुढे मुकी झालेली मी पाहिली आहेत. शब्द कोशात बसून रुळत नाहीत. तेथे ते व्याख्यानात, परीक्षेत आणि रुग्णाच्या खाटेशेजारी एकाच वेळी वापरात आले. आपल्याकडे कोश कपाटात राहिले आणि नोकरी इंग्रजीकडे.

तरीही त्या देशाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला मार्क्स-लेनिनवादी तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, वैज्ञानिक समाजवाद, पक्षाचा इतिहास आणि हो चि मिन्ह विचार असे पाच विषय सक्तीने शिकावे लागतात. पण त्या समाजवादात दुसऱ्या पक्षाला जागा नाही, आणि कामगारांना आपली स्वतंत्र संघटना उभारता येत नाही. सरकारी शाळांची फी २०२५-२६ पासून माफ झाली, हे उत्तम झाले. विद्यापीठांची फी मात्र ‘स्वायत्तते’च्या नावाखाली वाढत आहे. त्यात २०२४ साली पक्षाच्या पॉलिटब्यूरोने शाळांतून इंग्रजीला क्रमाक्रमाने दुसऱ्या भाषेचे स्थान देण्याचे ठरवले आहे. परदेशी कारखान्यांच्या मागे इंग्रजी येणारच होती. फरक इतकाच, की ती तेथे भरल्या घरात पाहुणी म्हणून येत आहे.

आपल्या देशात २०२१ पासून अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवण्यास परवानगी मिळाली, मराठीतूनही. २०२२ साली मध्य प्रदेशात वैद्यकाची हिंदी पुस्तके निघाली. हे करणारे कोण, यावर आपल्यातील काहींनी नाके मुरडली. करणाऱ्याचे हेतू जरूर तपासा. पण मागणी मुळात आपलीच, लोहियांच्या काळापासूनची. आपल्या आजच्या मागणीपत्रकात मात्र मातृभाषेचा उल्लेख प्राथमिक शाळेपाशी थांबतो. तो वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत न्यावा, असा ठराव मी लिहून आणला आहे. दुपारच्या सत्रात चर्चेसाठी तो अध्यक्षांकडे देत आहे.