बाबांचा तोल आणि माझी चूक
(गणेशोत्सवातील ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ सांभाळणारा माणूस. तरीही या विषयावर बोलतो आहे, कारण माझ्या हातून एक चूक घडली.

तीन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात घसरले. हाड मोडले नाही, पण मी घाबरलो. "बाबा, आता तुम्ही बसूनच राहा, सगळे हातात आणून देतो," असे बजावले. सहा महिन्यांत खुर्चीतून उठायलाही त्यांना हात द्यावा लागू लागला. आणि ते पुन्हा पडले. भीतीने चालणे बंद, म्हणून पाय दुबळे, म्हणून पुन्हा पडणे. हे चक्र मीच सुरू केले होते.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावले, की तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतली यंत्रणा आणि तळपाय-सांध्यांकडून मेंदूला मिळणारी जाणीव, तिन्ही लागतात. वयाबरोबर ती मंदावतात, स्नायूही क्षीण होतात. पण सरावाने सुधारणा होते.

2019 साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी 108 चाचण्यांतील 23 हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती एकत्र तपासली. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेले आढळले. भर होता तोलाच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामावर. नुसत्या चालण्याबद्दल असा ठाम पुरावा मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही 2020 पासून 65 वर्षांवरील मंडळींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवते.

बाबांचा क्रम साधा आहे. ओट्याला धरून टाचा उचलणे. हात न टेकता खुर्चीतून उठबस. आधाराजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. फरशीच्या रेषेवर टाचेला अंगठा लावत चालणे. ते जमले की तीच पावले उलटे आकडे म्हणत टाकणे, म्हणजे मेंदू आणि पाय यांचा मेळ बसतो. सुरुवातीला शेजारी कोणीतरी हवेच. चक्कर येत असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

रुळाचे आपल्याला ठाऊकच आहे. वर्षातून एकदा मोठे काम काढून भागत नाही, कीमनला रोज फिरावे लागते. शरीराचेही तसेच.

बाबांनी काठी सोडलेली नाही, घाईही नाही. पण काल ते मंडपाच्या तीन पायऱ्या स्वतः चढले आणि आरती संपेपर्यंत उभे राहिले. मी मागे उभा होतो, हात पुढे न करता. तेच मला सर्वांत कठीण गेले.

मंडळाला एकच विनंती : पुढील वर्षी पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा असावा. आणि मुला-सुनांना विनंती, की आई-वडिलांना बसवून ठेवू नका. सोबत उभे राहा.

गणपती बाप्पा मोरया!