मोटारीचे पाणी



मोटारीला पेट्रोल लागते हे लहान मुलालाही ठाऊक असते. तिला पाणीही लागते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येते ते इंजिनातून वाफ निघू लागल्यावर. ढोबळ मानाने सांगायचे तर, जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी एक-तृतीयांशच गाडी चालविण्याच्या कामी येते. जवळजवळ तितकीच धुरावाटे निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात साठू पाहते. ती वाहून नेण्याचे काम इंजिनाभोवती फिरणारे द्रव करते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते.

अँबॅसडर आणि फियाट यांच्या काळी हे द्रव म्हणजे बहुधा साधे पाणीच असे. जबलपूरहून नागपूरला निघालेला गृहस्थ कुरईच्या घाटासाठी पाण्याचा डबा बरोबर घेई. आज त्या पाण्याची जागा कूलंटने घेतली आहे. कूलंट म्हणजे पाणी, एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी काही द्रव्ये यांचे मिश्रण. पाणी व ग्लायकॉल समभाग घेतल्यास ते मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांवर उकळते. रेडिएटरच्या झाकणाने राखलेल्या दाबाखाली तर त्याहूनही उशिरा. जबलपुरात गोठण्याचे भय नाही. परंतु मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला, की उशिरा उकळण्याचा हा गुण फार मोलाचा ठरतो.

मग कूलंट बदलायचे कशासाठी? ग्लायकॉल पुष्कळ टिकते. पण गंजरोधक द्रव्ये झिजतात, आणि ती संपली की धातू खाल्ला जाऊ लागतो. किती वर्षांनी किंवा किती किलोमीटरनंतर बदलावे, हे गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. कूलंटचा प्रकारही तेथेच पाहावा. केवळ रंग जुळला म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत. रंग हा कारखानदाराच्या मर्जीचा असतो.

राइट टाउनमधील एखाद्या घराच्या सपाट अंगणात हे काम सकाळच्या प्रहरी सहज करता येते. पहिला नियम एकच: इंजिन पूर्ण थंड असावे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाब एकाएकी सुटतो आणि उकळते द्रव तोंडावर उसळते. थंड गाडीचे झाकण काढावे, खाली रुंद घमेले ठेवावे आणि रेडिएटरच्या तळाची तोटी सैल करावी. कित्येक नव्या गाड्यांना तोटी नसते; तेथे खालच्या रबरी नळीची क्लिप सोडवावी लागते. निघालेले द्रव मोजून ठेवावे, कारण साधारण तेवढेच परत भरायचे असते.

द्रव गढूळ किंवा तांबूस असेल तर शुद्ध पाणी भरून, इंजिन थोडे चालवून, थंड झाल्यावर पुन्हा रिकामे करावे. नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी टाळावे. भेडाघाटचा संगमरवर पाहण्यास देशभरातून लोक येतात. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याच क्षारांचा बनलेला आहे. कठीण पाण्यातून हेच क्षार तापल्यावर खाली बसतात आणि रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. आणखी एक गोष्ट: धुतल्यावर थोडे पाणी इंजिनात राहतेच. तेव्हा तयार मिश्रण न घालता अगोदर निव्वळ कूलंट ठरलेल्या मापाने घालावे आणि उरलेली जागा पाण्याने भरावी, म्हणजे प्रमाण बिघडत नाही.

भरताना घाई नको. आत अडकलेला हवेचा फुगा इंजिनाचा एखादा भाग कोरडा ठेवतो. माहितीपुस्तकात सांगितलेल्या रीतीने हवा काढावी. गाडीतील हीटर उष्ण बाजूस ठेवावा. इंजिन तापून पंखा एकदा फिरला, की गाडी बंद करून निवू द्यावी आणि राखीव टाकीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये आणावी.

येथे काम संपले असे वाटते. खरी जबाबदारी येथेच सुरू होते. घमेल्यातील ते हिरवे वा गुलाबी द्रव चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. कुत्रे, मांजर, अंगणात खेळणारे मूल, कोणीही त्याला तोंड लावू शकते. पोटात गेल्यावर त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉल औषधात मिसळल्याने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. २०२५ साली आमच्या जवळच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष वीसहून अधिक बालकांना भोवले. त्यांतील कित्येकांवर नागपुरात उपचार चालले होते. तेथे ते औषधाच्या बाटलीतून आले. आपल्या अंगणात त्याच कुळातले विष उघड्या घमेल्यात असते.

म्हणून जुने कूलंट क्षणभरही उघडे ठेवू नये. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कदापि भरू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून, टाकाऊ कूलंट स्वीकारणाऱ्या सेवाकेंद्राकडे सोपवावे. सांडलेले द्रव वाळूने किंवा भुशाने टिपून घ्यावे. गटारात ओतलेले कूलंट आपल्या डोळ्यांआड होते, नाहीसे होत नाही; गटार नाल्याला मिळते आणि नाला अखेर नदीची वाट धरतो. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता डब्यासह रुग्णालय गाठावे. आरंभी माणूस केवळ झिंगल्यासारखा दिसतो, आणि त्यामुळेच मोलाचा वेळ वाया जातो. यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच गुणकारी.

घरचे काम घरी करण्यात पैशाची बचत आहे आणि स्वावलंबनाचे समाधानही आहे. परंतु मिस्त्रीचे काम अंगावर घेणाऱ्याने त्याची मजुरी वाचविली, तर त्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. आपल्या गाडीचे इंजिन निवले आणि शेजाऱ्याचे मूल सुखरूप राहिले, म्हणजे ते काम पुरे झाले असे समजावे.