वीस मिनिटांचा खेळ आणि घरातले हेर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



व्हिडिओ गेमबद्दल बोलायचे म्हटल्यावर काहीजणींच्या भुवया वर गेल्या आहेत. पोटगी, मारहाण, रेशन एवढे प्रश्न समोर असताना हे काय खूळ, असे वाटणे साहजिक आहे. पण आजच्या विषयाशी, म्हणजे बाईवरच्या पाळतीशी, या खेळाचा संबंध आहे. तो कसा, ते सांगते.

खेळाचे नाव 'ग्रॅव्हिटी बोन'. ब्रेंडन चुंग नावाच्या अमेरिकन माणसाने तो २००८ साली केला आणि फुकट वाटला. पाठीशी मोठी कंपनी नव्हती. 'क्वेक २' हा १९९७ सालचा बंदुकबाजीचा खेळ ज्या सांगाड्यावर उभा होता, त्याचा आराखडा पुढे सर्वांसाठी खुला झाला होता. त्याच सांगाड्यावर चुंगने स्वतःची हेरकथा रचली. खेळ वीसेक मिनिटांत संपतो.

त्यात आपण हेर असतो. पहिली कामगिरी अशी की मेजवानीतल्या एका पाहुण्याला काहीतरी मिसळलेले पेय नेऊन द्यायचे. दुसऱ्या कामगिरीत कॅमेरा घेऊन पक्ष्यांचे फोटो काढायचे. ते कशासाठी, ते कोणी सांगत नाही. मग अचानक एक अनोळखी बाई समोर येते, गोळी झाडते आणि पळते. आपण तिचा पाठलाग करतो, पुन्हा गोळी लागते, उंचावरून कोसळतो आणि पडता पडता आयुष्यातले तुकडे डोळ्यांसमोरून जातात. खेळ संपला. जिंकणे नाही, गुण नाहीत. एकही पात्र तोंडाने बोलत नाही, त्यामुळे गोष्ट ज्याची त्याने लावायची.

वस्तीतल्या केंद्रात आठ-दहा मुलींबरोबर आम्ही हा खेळ खेळलो. तिथे एक जुना संगणक आहे. त्यावर एरवी मुलगे बसतात आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. त्या दिवशी माउस मुलींच्या हातात होता. सुरुवातीला त्या भिंतींवर आपटत होत्या, खिदळत होत्या. शेवट झाला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या आणि मग एकदम बोलायला लागल्या.

पहिली चर्चा झाली पेयाची. धुणीभांड्याला जाणारी एक मुलगी म्हणाली, "पेला घेऊन जाणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं? आमच्यासमोर मालकीणबाई सगळं बोलतात." हेरगिरीचे मर्म तिने एका वाक्यात सांगितले. ज्याची दखल कोणी घेत नाही, तो कुठेही जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी फ्रान्समध्ये बायकांना गुप्त कामासाठी पाठवले, त्यामागे हाच हिशेब होता. तरुण पुरुष रस्त्यात अडवला जाई, पिशवी घेऊन सायकलवरून जाणाऱ्या बाईवर संशय कमी. नूर इनायत खान त्यांच्यातली एक. वडील भारतीय सूफी संगीतकार, आई अमेरिकन. १९४३ च्या जूनमध्ये ती वायरलेस चालवायला फ्रान्समध्ये उतरली, ऑक्टोबरमध्ये पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले. पण हेर बाई म्हटले की आपल्याला आठवते ती माताहारी. मोहिनी घालणारी, दगा देणारी. नूरची वायरलेसची पेटी आठवत नाही.

दुसरी चर्चा त्या अनोळखी बाईची. ती कोण, हे खेळ सांगत नाही. मुलींनी मात्र तिला लगेच गोष्ट दिली. कोणी म्हणाली, ती दुसऱ्या टोळीची. कोणी म्हणाली, तिचेच फोटो काढले असतील, म्हणून ती चिडली. आणि एक जण हळूच म्हणाली, "माझ्या घरी भाऊच हेर आहे. रोज रात्री माझा फोन उघडून बघतो."

त्यानंतर खेळ बाजूला राहिला. एकीच्या होणाऱ्या नवऱ्याला तिचा पासवर्ड हवा होता, 'विश्वास असेल तर दे' म्हणून. एकीच्या फोनवरून ती कुठे आहे ते घरच्यांना सतत दिसते. 'तुमच्यावर कोणी पाळत ठेवते का?' असे आम्ही सरळ विचारले असते, तर सगळ्यांनी मान हलवून 'नाही' म्हटले असते, कारण घरातल्या पाळतीला त्या पाळत म्हणत नव्हत्या. तिला काळजी म्हणत होत्या. 'हेर' हा शब्द हाती आल्यावर तीच गोष्ट त्यांना वेगळी दिसली.

आता कायद्याचे बघू. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ सांगते की बाईच्या इंटरनेट, ई-मेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पुरुषाने पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवरा म्हणून वेगळी सूट त्यात लिहिलेली नाही. दुसरीकडे १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नवरा-बायकोपैकी एकाने दुसऱ्याचे चोरून मुद्रित केलेले फोनवरचे बोलणे घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालू शकते. त्या प्रकरणात मुद्रण नवऱ्याने केले होते. या निकालाला दोन बाजू आहेत. धमक्या सोसणाऱ्या बाईलाही असे मुद्रण उपयोगी पडेल. पण घरात फोन कोणाच्या पैशाने येतो, कोणाच्या नावावर असतो, कोणाला त्यातले कळते, हे पाहिले की हत्यार बहुधा कोणाच्या हाती जाईल ते सांगायला नको.

म्हणून एक व्यावहारिक सूचना. पाळतीचे ॲप सापडले की ते लगेच काढून टाकायला सांगू नका. ते काढल्याचे त्याला कळते आणि मारहाण वाढू शकते. आधी बाईशी दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून बोला. पडद्याचे फोटो काढून पुरावा ठेवा. ती कुठे राहणार हे ठरल्यावरच पुढचे पाऊल टाका.

शेवटी वेळेबद्दल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. या हिशेबात वीस मिनिटे खेळणे ही चैन वाटते. पण खेळायला वेळ नसणे हाही अन्यायच आहे, आणि त्या वीस मिनिटांत मुली जे बोलल्या ते आमच्या तीन बैठकांत निघाले नव्हते.

आपापल्या गटात हाच खेळ घ्यावा असे नाही. पत्ते घ्या, सापशिडी घ्या. पण पुढच्या बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा : तुमचा फोन तुमच्याशिवाय कोण उघडतो? आणि उत्तरे जपून ठेवा. केंद्राच्या नोंदवहीत मारहाणीचा रकाना आहे, पाळतीचा नाही. तो आखायला आपण आजच सुरुवात करू या.