म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या

बायांनो, भावांनो, आम्ही आज आसामचं सांगतो. 31 ऑगस्ट 2019 ला तिथं नागरिकांची यादी लागली. 19 लाखांवर माणसं यादीबाहेर! 24 मार्च 1971 पर्यंतचा कागद दाखवा, स्वतःचा नाहीतर आईबाप-आज्याचा. ब्रह्मपुत्रेच्या पुरात घरं जातात तिथं. कागद वाहून गेला म्हणून माणूस परका?

आपल्या वनहक्क दाव्यालाही 13 डिसेंबर 2005 ची तारीख आहेच. पण 2008 च्या नियमांत म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरलाय, अन् दावा पहिला ग्रामसभा तपासते. हे आपण भांडून मिळवलंय. आसामात कुठली ग्रामसभा? तिथं यादीचे अर्ज सरकारी कचेरीत तपासले गेले.

म्हणून पावसाआधी पाड्यापाड्यावर जबाब लिहू, अंगठे घेऊ. एक प्रत ग्रामसभेच्या पेटीत राहील.