पंक्चर आपलं आपण

मैत्रिणींनो, मागच्या हिवाळ्यात आम्ही पाचजणी माउंटन बाईक घेऊन पानशेतकडच्या कच्च्या वाटेला लागलो. तासाभरात बाभळीचा काटा! ट्यूबला पॅच लावला, पुन्हा हवा गेली. टायरच्या आतून हात फिरवून काटा आधी काढायचा असतो, हे एकीलाही ठाऊक नव्हतं. मग दुसरीची चेन तुटली. अंधारात सायकली ढकलत परतलो. घरी ऐकलं, ‘आता पुरे.’ भावाची सहल फसली तेव्हा त्याला कुणी असं म्हणालं नव्हतं. लहानपणी पंक्चरवाल्याजवळ तो तासन्‌तास बघत उभा राहायचा. मी दळण घेऊन थेट घरी.

तामिळनाडूत पुदुकोट्टईच्या साक्षरता मोहिमेत १९९० च्या दशकात हजारो बायका सायकल शिकल्या. आपल्या शिबिरात पंक्चर काढणंही हवंच. रविवारी घमेलं, पॅच, सोल्युशन मी आणते. जुन्या ट्यूब तुम्ही आणा.